थरथरणारे स्टिअरिंग : ब्रेकच्या इतिहासातील एक जुने, चुकत आलेले निदान (थ्रेड)

१/
पंधरा-वीस वर्षे वापरलेली एखादी मोटार ताशी ८० कि.मी. वेगाने धावत असते. समोर अडथळा दिसतो, चालक ब्रेक दाबतो आणि हातातील स्टिअरिंग थरथरू लागते. पेडलवरून पाय उचलताच कंप थांबतो. गॅरेजमधील निदान बहुधा ठरलेले असते : "डिस्क वाकडी झाली." डिस्क बदलली जाते, गाडी सुरळीत धावते आणि काही हजार कि.मी. नंतर पहिले पाढे पंचावन्न.

२/
या थरथरीला शंभर वर्षांचा इतिहास आहे. ब्रेकची रचना बदलली तसा कंपही बदलत गेला. मात्र त्याचे निदान करताना होणारी चूक फारशी बदलली नाही. दर वेळी दोष सर्वप्रथम डोळ्यांना दिसणाऱ्या भागावर ठेवला गेला आणि खरे कारण दोन भागांच्या परस्परसंबंधात सापडले. जुन्या मोटारीतील हा दोष ओळखायचा, तर त्याचा इतिहासच उत्तम मार्गदर्शक ठरतो.

३/
आरंभीच्या मोटारींना ब्रेक होते ते घोडागाडीच्या वळणाचे : चाकाच्या कडेवर दाबला जाणारा एक ठोकळा. हवेचे रबरी टायर आल्यावर हा उपाय निकामी ठरला, कारण ठोकळा टायरच झिजवू लागला. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनोने चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमच्या आत, बाहेरच्या बाजूला फाकणारे अर्धवर्तुळाकार शू बसवले. पुढील अर्धशतकभर मोटारीचा ब्रेक म्हणजे मुख्यतः हाच ड्रम ब्रेक.

४/
योगायोग असा की, त्याच १९०२ साली बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. चाकासोबत फिरणारी पातळ धातूची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे जबडे, ही आजचीच कल्पना. परंतु जबड्यांवर तांब्याचे अस्तर होते. धातूवर धातू घासून कर्कश किंकाळी उठे आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबे झपाट्याने झिजे. कल्पना काळाच्या पुढे होती. तिला साजेसे घर्षणद्रव्य मात्र अजून हाती नव्हते.

५/
ते द्रव्य शोधण्याचे श्रेय बऱ्याच अंशी हर्बर्ट फ्रूड यांना जाते. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात त्यांनी फेरोडो हा उद्योग उभारला आणि ब्रेकच्या अस्तरासाठी अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर रूढ केला. उष्णता सोसणारे हे अस्तर अनेक दशके जगभर चालले. त्याच्या धुळीने होणारे फुप्फुसाचे जीवघेणे आजार पुढे सिद्ध झाले आणि ब्रिटनने १९९९ साली त्यावर बंदी घातली. घर्षणद्रव्याचा हा धागा लक्षात ठेवावा. तो पुढे थेट स्टिअरिंगच्या कंपापर्यंत पोहोचतो.

६/
विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बहुतेक मोटारींना ब्रेक असत ते केवळ मागच्या चाकांना. पुढची चाके थांबवली तर गाडी वळणार नाही, घसरेल, उलटेल, अशी भीती सर्वत्र होती. पदार्थविज्ञान मात्र नेमके उलट सांगत होते. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात आणि थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकांपाशी येते.

७/
स्कॉटलंडच्या अर्गाइल कंपनीने १९११ च्या सुमारास चारही चाकांना ब्रेक दिले. १९१९ मध्ये हिस्पानो-सुइझाच्या एच६ या मोटारीत चारही चाकांचे, चालकाच्या पायाला यंत्राची जोड देणारे ब्रेक आले. १९२१ मध्ये अमेरिकेच्या ड्यूसेनबर्गने तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक चारही चाकांवर आणले. अशा गाड्या इतक्या झटकन थांबत की, ब्रिटनमध्ये त्यांच्या मागे लाल त्रिकोण लावून पाठीमागच्या चालकांना सावध केले जाई.

८/
पुढच्या चाकांवर ब्रेक आले आणि थरथर स्टिअरिंगपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली. त्याच सुमारास, १९२३ पासून, कमी दाबाच्या हवेचे रुंद 'बलून' टायर प्रचारात आले. प्रवास मऊ झाला, परंतु विशिष्ट वेगाला पुढची चाके डावी-उजवीकडे फडफडू लागली. खांदे झटपट हलवण्याचा 'शिमी' नावाचा नाच तेव्हा अमेरिकेत लोकप्रिय होता. मोटारीच्या या व्याधीलाही तेच नाव चिकटले.

९/
शिमीचे पहिले निदान सोपे होते : स्टिअरिंगचे सांधे सैल झाले आहेत. म्हणून सांधे आवळले गेले, घर्षणाने कंप दाबणारी साधने जोडली गेली. स्टिअरिंग जड झाले, पण रोग काही हटेना. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! १९२५ साली फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रुलिए यांनी या प्रश्नाचा अभ्यास मांडला. बाजूने रेटा आला की धावता टायर किंचित तिरका सरकतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. म्हणजे कंपाच्या कथेत टायर हे निष्क्रिय पात्र नव्हते.

१०/
दुसरे पात्र होते पुढचा सरळ आस. त्या काळी दोन्ही पुढची चाके एकाच आडव्या लोखंडी आसावर असत आणि तो आस पाट्यांवर टेकलेला असे. एक चाक खड्ड्यावरून उचलले गेले की संपूर्ण आस कलंडे. वेगाने फिरणारे चाक असे कलले की, भोवऱ्याच्या नियमाने ते बाजूलाही वळू पाहते. दुसरे चाक त्याला जोडलेलेच. मग दोघांची फडफड एकमेकांना पोसत राही.

११/
त्यात ब्रेकची भर पडली. पुढच्या चाकाला ब्रेक लागताच तो संपूर्ण आसालाच पीळ देतो. पाटे मुरडतात आणि चाकाचा ज्या कोनावर सरळ धावण्याचा स्वभाव अवलंबून असतो तो कोनच क्षणभर बदलतो. रस्त्यावर शांत धावणारी गाडी ब्रेक दाबताच का थरथरते, याचे एक उत्तर यात होते. दोष कोणत्याही एका भागाचा नव्हता. आस, पाटे, टायर आणि ब्रेक यांच्या जुळणीचा होता.

१२/
१९३१ साली बर्लिनमध्ये बेकर, फ्रॉम आणि मारून यांनी स्टिअरिंगच्या कंपनांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अमेरिकेत रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेले मॉरिस ऑली यांनी दोन्ही पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वर-खाली होतील अशा रचनेचा पाठपुरावा केला. १९३४ च्या मॉडेलांत ती रचना आली. सरळ आस गेला आणि मोटारींतील जुन्या शिमीचे मूळच तुटले. उपाय सांधे आवळण्यात नव्हता.

१३/
सरळ आस सर्वत्र मात्र नाहीसा झाला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत मुंबईत महिंद्राने जोडायला घेतलेल्या विलीस जीपला पुढेही सरळ आस आणि पाटेच होते. अशा जीपमध्ये किंगपिन झिजला की विशिष्ट वेगाला स्टिअरिंग हातातून सुटू पाहते. ही व्याधी १९२० च्या दशकातील शिमीचीच वंशज होय. म्हणून जुन्या गाडीचे निदान करताना पहिला प्रश्न हाच : तिच्या पुढच्या चाकांची रचना कोणत्या पिढीची आहे?

१४/
दरम्यान मोटारींचा वेग वाढत होता आणि ड्रम ब्रेक उष्णतेपुढे हतबल होत होता. १००० किलोची गाडी ताशी ८० कि.मी. वेगावरून थांबवताना सुमारे २४७ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. साधारण पाऊण लिटरहून अधिक पाणी उकळीला आणण्याइतकी. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. बंद ड्रममधून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ड्रम तापून प्रसरण पावतो, अस्तराची पकड घटते आणि पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते.

१५/
उत्तर लँचेस्टर यांच्या जुन्या पेटंटात होते. उघड्यावर फिरणारी चकती वाऱ्याने थंड होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या चाकांसाठी डिस्क ब्रेकचा विकास झाला होता. तो अनुभव घेऊन डनलॉप कंपनीने जॅग्वारबरोबर मोटारीसाठी काम आरंभले. १९५२ मध्ये डिस्क ब्रेक लावलेली सी-टाइप मोटार स्टर्लिंग मॉस आणि चाचणीचालक नॉर्मन ड्युइस यांनी इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत उतरवली. त्याच वर्षी रँस येथे मॉसने तिच्यासह विजय मिळवला.

१६/
या चाचण्यांत एक विचित्र संकट समोर आले. लांब सरळ रस्त्यानंतर चालक ब्रेक दाबी तेव्हा पेडल कधी कधी रिकामेच खाली जाई. कारण असे : चाकाची बैठक किंचित लवत असे, चकती किंचित डुलत असे आणि त्या डुलण्याने पॅड मागे ढकलले जात. म्हणून चालक वळणापूर्वी पेडलला आधीच एकदा हलकेच स्पर्श करून घेत. चकतीचे केसाएवढे डुलणेही ब्रेकचे वर्तन पालटते, हा धडा येथे मिळाला. आजच्या थरथरीचे बीज याच धड्यात आहे.

१७/
जून १९५३. फ्रान्समधील ल माँची २४ तासांची शर्यत. सुमारे ६ कि.मी.च्या सरळ रस्त्यावर गाड्या ताशी २४० कि.मी.च्या आसपास पोहोचत आणि त्याच्या टोकाला अगदी संथ वळण होते. ड्रम ब्रेकचे चालक वेग लवकर आवरत. डिस्कवाले जॅग्वार चालक उशिरापर्यंत वेगात राहत, तेही फेरीमागून फेरी. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन जिंकले. त्यांचा सरासरी वेग ताशी १७० कि.मी. होता. या शर्यतीत ताशी १०० मैलांची सरासरी प्रथमच ओलांडली गेली.

१८/
१९५५ मध्ये सित्रोएन डीएस आणि १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ या गाड्यांनी पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक सामान्य ग्राहकापर्यंत आणले. भारतात मात्र ड्रमचे राज्य दीर्घकाळ टिकले. वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला कारखान्यातून बाहेर पडणारी पद्मिनी चारही चाकांना ड्रम घेऊनच धावली. छोट्या गाडीतील डिस्क ब्रेक मध्यमवर्गाच्या ओळखीचा झाला तो मारुती ८०० मुळे.

१९/
पद्मिनीच्या पिढीतील मिस्त्रींना कंपाचे एक कारण नेमके ठाऊक होते : ड्रमची गोलाई बिघडणे. ड्रम लेथवर चढवून आतून तासला की काम होई. डिस्क आल्यावर हेच ज्ञान जसेच्या तसे तिच्यावर लादले गेले. ड्रम 'अंडाकृती' होतो, तशी डिस्क 'वाकडी' होते, असा समज रुजला. समज स्वाभाविक होता, परंतु बव्हंशी चुकीचा. डिस्कच्या थरथरीमागे बहुधा तिचा बाक नसून तिच्या जाडीतील असमानता असते.

२०/
किती असमानता? एका ठिकाणी चकती अवघी १५ ते २० मायक्रॉन जाड असली तरी कंप जाणवू शकतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या पाव हिश्शाएवढा फरक! जाड भाग पॅडमध्ये शिरला की पकड वाढते, पातळ भाग आला की घटते. दर फेऱ्याला हा हिसका चाकाकडून स्टिअरिंगच्या दांड्यांमार्गे चालकाच्या हातात पोहोचतो.

२१/
ही असमानता दोन वाटांनी येते. पहिली वाट घर्षणद्रव्याची. अमेरिकी शर्यत-अभियंता कॅरोल स्मिथ यांनी 'वाकडी डिस्क' ही दंतकथा असल्याचे ठासून मांडले. त्यांच्या मते बहुतेक वेळा पॅडचे द्रव्य चकतीवर असमान चिकटलेले असते. बोरघाट उतरून ब्रेक तापलेले असताना चालक गाडी थांबवतो आणि पेडल दाबूनच उभा राहतो; तेवढ्यात पॅडचा ठसा चकतीवर उमटू शकतो. अतिउष्णतेने त्या जागी बिडाची रचनाही बदलते, तो ठिपका कठीण होतो आणि मग त्याची झीज इतरांहून कमी होते.

२२/
दुसरी वाट अधिक छुपी आहे आणि जॅग्वारच्या चाचण्यांची आठवण करून देणारी आहे. नवी चकती बसवताना हबच्या तोंडावर गंज किंवा कचरा राहिला, तर ती किंचित तिरकी बसते आणि फिरताना डुलते. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पण ब्रेक न दाबताही दर फेऱ्याला चकतीची तीच जागा पॅडला हलकेच घासत राहते. काही हजार कि.मी. नंतर तेथे झीज होऊन जाडी असमान होते आणि कंप सुरू होतो. डिस्क बदलूनही तक्रार परत का येते, याचे उत्तर हे आहे. चकती नवी असते, गंज जुनाच राहतो.

२३/
कंप विशिष्ट वेगालाच का? छोट्या गाडीच्या टायरचा घेर पावणेदोन मीटर धरला, तर ताशी ८० कि.मी. वेगाला चाक सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरते. जवळपास त्याच लयीला पुढच्या चाकांचा आणि स्टिअरिंगचा सांगाडा स्वभावतःच डोलू पाहतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का मिळावा तसे होते. ताशी ३० कि.मी.ला धक्के तेच असतात, पण ते त्या लयीत नसतात. म्हणून हात शांत राहतो.

२४/
जुन्या मोटारीच्या बाबतीत येथे तिसरा घटक येतो. लोअर आर्मचे रबरी बुश फाटलेले, बॉल जॉइंट वा टाय रॉड एंड सैल झालेले, व्हील बेअरिंग खेळणारे असेल, तर नव्या गाडीत विरून गेला असता तो लहानसा हिसकाही मोठा होऊन हातात येतो. म्हणून एकच चकती एका गाडीत निर्दोष वाटते आणि दुसरीत असह्य. १९२० च्या दशकाने शिकवलेला धडा हाच होता : कंप निर्माण करणारा भाग वेगळा आणि तो वाढवणारा भाग वेगळा असू शकतो.

२५/
म्हणून निदानाचा क्रम इतिहासाच्या क्रमाशी जुळतो. ब्रेक न दाबताही ठरावीक वेगाला थरथर होत असेल, तर संशय चाकांच्या बॅलन्सिंगवर वा टायरवर. केवळ ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरत असेल, तर पुढच्या चकत्यांवर. कंप हातापेक्षा आसनात वा पेडलमध्ये जाणवत असेल, तर मागच्या ड्रमवर वा चकत्यांवर. एबीएस असलेल्या गाडीत अचानक जोराच्या ब्रेकला पेडल धडधडते, तो मात्र दोष नव्हे. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर कॅलिपर अडकल्याची शंका आधी घ्यावी.

२६/
पुढची पायरी मोजमापाची. चाक काढून चकती नटांनी घट्ट बसवतात, डायल गेज टेकवून ती हाताने फिरवतात आणि किती डुलते ते पाहतात. मग मायक्रोमीटरने कडेने आठ-दहा ठिकाणी जाडी मोजतात. चकती डुलते पण जाडी समान आहे, तर हबचे तोंड आणि बेअरिंग तपासावे. जाडी असमान आहे, तर चकती तासावी वा बदलावी. मात्र किमान जाडीचा जो आकडा बहुधा चकतीवरच कोरलेला असतो, त्याखाली ती कदापि जाऊ नये. डोळ्यांना यांतले काहीच दिसत नाही. केवळ पाहून केलेले निदान म्हणजे अंदाजच.

२७/
दुरुस्तीतही तीच शिस्त लागते. हबचे तोंड घासून लखलखीत करणे, कॅलिपरच्या सरकत्या पिना मोकळ्या करणे, झिजलेले बुश बदलणे आणि चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, सारख्या जोराने आवळणे. नव्या पॅडना प्रथम मध्यम वेगावरून काही वेळा हळुवार ब्रेक लावून चकतीशी जुळू द्यावे लागते. यात महाग असे फार थोडे आहे. वेळ आणि काळजी मात्र लागते, आणि घाईच्या दुरुस्तीत तीच गाळली जातात.

२८/
दुर्लक्षाची किंमत चकतीपुरती नसते. सैल बॉल जॉइंट निखळला तर चाक कोलमडते. अडकलेला कॅलिपर तापत राहिला तर ब्रेकचे तेल उकळून ऐन उतारावर पेडल रिकामे जाऊ शकते. 'डिस्क वाकडी' एवढ्या एका वाक्यावर तपास थांबवला, तर हे दोष तसेच राहतात. थरथर हा त्यांचा एकमेव इशारा असू शकतो आणि नवी चकती काही काळ तोच इशारा झाकून टाकते.

२९/
१९२५ मध्ये शिमीसाठी सैल सांधे दोषी ठरले, पण मूळ सरळ आसाच्या रचनेत निघाले. १९५२ मध्ये पेडल रिकामे गेले, तेव्हा कारण चकतीच्या डुलण्यात सापडले. आज डिस्क दोषी ठरते आणि कारण अनेकदा तिच्यामागच्या गंजाच्या थरात असते. प्रत्येक वेळी उत्तर मिळाले ते दिसणाऱ्या भागाच्या पलीकडे जाऊन मोजणाऱ्याला. ब्रेक दाबताच थरथरणारे जुने स्टिअरिंग आजही तीच अपेक्षा करते : आधी मोजावे, मग बदलावे.

(समाप्त)